मधली पन्नास मिनिटं

९ जानेवारी

प्रिय बारके,

पाकीट बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे मी. फोन करायचा सोडून कागद घेतला, कारण फोनवर आपलं ठरलेलंच असतं. तू रडतेस, मी रागावते आणि मग "ठेवते गं ताई" म्हणून तू ठेवून देतेस. पत्रात निदान मला बोलणं पुरं करता येईल.

परवा तुझ्या लेकीचा फोन आला होता. तुझ्या नकळत केलाय, तिला ओरडू नकोस. म्हणाली, "मावशी, आईला काहीतरी समजाव ना. रोज सकाळी कामाला निघायच्या आधी ती फोनवर दोन शहरांची नावं टाकते. इथलं आणि तुमचं. अंतर किती, विमानाला तास किती, मध्ये थांबा कुठं. तिकीट काढायचं नसतंच. नुसतं बघते आणि डोळे पुसून चपला घालते. चार वर्षं झाली गं याला."

मी तिला म्हटलं, तुझी आई पहिल्यापासून येडी आहे.

अगं, एकतीस वर्षं विमान तिकिटांच्या काउंटरमागे बसून मी जगाला हेच सांगत आले. कुठून कुठं किती लांब आणि किती वेळ. मला विचारायचंस की! अकरा हजार दोनशे किलोमीटर. थेट विमान नाही. मध्ये एकदा उतरायचं, दुसऱ्या विमानात बसायचं. चार वर्षांत त्यात एक किलोमीटरही कमी झालेला नाही, तू रोज बघितलंस म्हणून होणारही नाही.

आता शेवटचं सांगते, मग हा विषय बंद. त्या मंगळवारी सकाळी अकराला डॉक्टर बाबांना बघून म्हणाले, "उद्याची संध्याकाळ दिसेल असं वाटत नाही. कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा." मी तुला निरोप धाडला, लगेच तुझा फोन आला. तू म्हणालीस, "ताई, तू बघ ना, मला काही सुचत नाहीये." मी बघितलं. मध्ये सव्वाअकरा तास बसून राहायचं, असा सगळा मिळून सत्तावीस तासांचा प्रवास निघत होता. विमान सुटायला सहा तास होते. म्हणजे तू बुधवारी रात्रीच घरी पोचली असतीस. मी म्हणाले, निघू नकोस, वाटेतच कळेल तुला. तू माझं ऐकलंस. यात तुझा काय दोष?

बाबा शुक्रवारपर्यंत राहिले, हे डॉक्टरांनाही कळलं नव्हतं. दरवर्षी त्या तारखेला तू "माफ कर ताई" लिहितेस, मी "जाऊ दे" लिहिते. पुरे आता. "कोणत्या तोंडानं येऊ" म्हणत चार वर्षं तू घराची पायरी चढली नाहीस. आहे त्याच तोंडानं ये.

तुझी,
ताई


१६ जानेवारी

प्रिय बारके,

आधीचं पत्र अजून वाटेतच असेल. त्यात मी "विषय बंद" असं ऐटीत लिहिलंय. तो मीच उघडतेय. नियम घालणारीही मी आणि मोडणारीही मीच, तुला काही नवीन नाही.

तुला माझा दोन तासांचा नियम माहीत आहे का? घरी मी कामाचं फारसं बोलायचे नाही. काउंटरवर नवीन होते तेव्हा एका म्हाताऱ्या नवराबायकोला मी तिकीट काढून दिलं. लेकाकडे चालले होते, पहिल्यांदाच. मध्ये उतरून दुसरं विमान धरायला पंचावन्न मिनिटं होती. कागदावर अगदी व्यवस्थित. पण आजोबांचे गुडघे कागदावर नव्हते. विमान डोळ्यांसमोरून गेलं आणि दोघं एकोणीस तास खुर्च्यांवर बसून राहिली. त्यांचं साखरेचं इंजेक्शन सामानात, सामान कुठं ते कोणालाच माहीत नाही. जगले बिचारे, पण परत आल्यावर आजी काउंटरपाशी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही कधी म्हाताऱ्या माणसाबरोबर चालला आहात का?" भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून माझ्या हातून मध्ये दोन तासांपेक्षा कमी वेळ असलेलं तिकीट गेलं नाही. साहेब चिडायचे, गिऱ्हाईकं शेजारच्या दुकानात जायची. मला मागून "दोन-तासवाली" म्हणायचे. म्हणू देत. माझं गिऱ्हाईक कधी अडकलं नाही.

हे पाल्हाळ कशासाठी, ते तुझ्या लक्षात आलं असेल. त्या मंगळवारी सत्तावीस तासांचा एकच मार्ग नव्हता. पहिलं विमान तेच; पण मध्ये उतरल्यावर पन्नास मिनिटांनी आणखी एक विमान होतं. सगळे मिळून साडेसोळा तास. त्यानं, विमानतळ ते घर धरूनही, तू बुधवारी दुपारी बाराला घरात असतीस.

मी ते तुला सांगितलं नाही. मध्ये पन्नासच मिनिटं. नियमात बसत नव्हतं.

ताई


१७ जानेवारी

बारके,

काल पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत माझीच मला लाज वाटली. पेटीत हात घालून काढता आलं असतं तर काढलं असतं. नियमाचं म्हणजे मांजरानं डोळे मिटून दूध प्यावं तसं झालं. सगळ्या जगाला दिसतं, मांजरालाच वाटतं कोणी बघत नाही. पण तुला तर तेही दिसलं नसतं. तू म्हणाली असतीस, "ताईचा नियम होता ना, मग बरोबरच असेल." लहानपणापासून मी सांगितलं की तुला पटतं. म्हणून आज सगळं लिहिते. पत्र फाडू नये म्हणून पाकिटावर आधी पत्ता घातलाय, तिकिटं चिकटवलीत.

नियम अनोळखी माणसांसाठी होता. तू काही गुडघे दुखणारी आजी नव्हतीस. मधल्या विमानतळावर ती दोन विमानं शेजारशेजारच्या दारांतून सुटतात, तिथं चाळीस मिनिटं पुरतात, हे मला तोंडपाठ होतं. आणि तू तर अनवाणी धावली असतीस.

मी ती जागा धरली होती, बारके. ऑफिसचा लॅपटॉप घरीच होता, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. तुझा फोन आला तेव्हा "बघून दहा मिनिटांत सांगते" म्हणाले आणि तुझं नाव टाकलं, पासपोर्टचा नंबर टाकला. खिडकीची जागा मिळाली. तुझ्या नावापुढे हिरवी खूण आली. मग मी बाबांना सांगायला गेले. आनंदानंच गेले गं, खरंच. म्हटलं, "बाबा, बारकी येतेय. उद्या दुपारी."

आठ दिवस त्या माणसानं मान उचलली नव्हती. ते कोपरावर उठले आणि म्हणाले, "ताई, माझी दाढी कर."

तुला वाटेल, त्यात काय. नऊ वर्षं दर रविवारी मी वाटीत पाणी घेऊन उभी राहायचे आणि ते भिंतीकडे तोंड करायचे. "कोणाला दाखवायचीय दाढी?" मी म्हणायचे, मला दाखवा. ते म्हणायचे, "तू तर घरचीच." नऊ वर्षं, बारके. औषधं, चादरी, नखं, रात्रीचं उठणं. लग्नाचं तर बोलायलाच नको, ते मीच मोडलं, त्याचं खापर त्यांच्यावर नाही. पण पिकतं तिथं विकत नाही. दार वाजलं की "बारकी आली का?" चहा दिला की "बारकी साखर कमी घालायची." आणि तू येणार म्हटल्यावर आपण होऊन गाल पुढे केला.

मी दाढी केली. टॉवेलनं तोंड पुसलं, आरसा दाखवला. दिसत नव्हतं त्यांना फारसं, तरी म्हणाले, "छान झालीय." मग मी स्वयंपाकघरात गेले आणि तुझी जागा सोडून दिली. एक बटण असतं. ते खरंच सोडायची का म्हणून पुन्हा विचारतं. मी पुन्हा हो म्हटलं.

नंतर तुला फोन करून सत्तावीस तास सांगितले.

मला वाटलं होतं, शेवटचे दोन दिवस ते माझे असावेत. कोणाच्या येण्याकडे कान नसलेले. एवढंच हवं होतं मला. आणि ते हवं म्हणून मी काय केलं, हे तुला कळल्याशिवाय तू ती दोन नावं टाकायची थांबणार नाहीस.

बुधवारी तुझा पुन्हा फोन आला. "ताई, अजून आहेत ना? आता निघू का?" विमान रोज त्याच वेळेला सुटतं. तेव्हा निघाली असतीस तरी गुरुवारी बाराला आली असतीस. मी म्हणाले, "आता काय, घटकाभराचे सोबती." गुरुवारी तू विचारलंसुद्धा नाहीस. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहूनच टाकते.

चार वर्षं तू माफी मागितलीस आणि मी "जाऊ दे" म्हणून मोठेपणा घेतला. चोर तो चोर, वर शिरजोर.

ताई


६ फेब्रुवारी

बारके,

तीनही पत्रं पोचलीत, तुझ्या लेकीनं निरोप पाठवला. "आईनं वाचली. काही बोलत नाही. मावशी, तू काय लिहिलंस?" मी तिला उत्तर दिलेलं नाही. तुला सांगायचं असेल तर तू सांग. माझी बाजू घेऊन सांगू नकोस.

मी रोज पोस्टमनच्या वेळेला गॅलरीत उभी राहते. तो लांबूनच मान हलवतो. काल म्हणाला, "मावशी, फोन करा की सरळ. आजकाल पत्र कोण लिहितं?" मी म्हटलं, "फोन उचलायला समोरच्याची इच्छा लागते बाबा." तो हसला. त्याला वाटलं मी सुनेबद्दल बोलतेय.

आज सकाळी मी ती दोन नावं टाकून बघितली. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी बघितली, स्वतःसाठी पहिल्यांदा. विमानात मी बसलेली नाही हे तुला माहीत आहे; एकतीस वर्षं जगाला बसवलं. ते साडेसोळा तासांचं विमान अजून आहे. वेळ पाच मिनिटांनी बदललीय. बघताना माझ्या लक्षात आलं की तू हे रोज करत होतीस. दहा मिनिटं मला ओट्यापासून हलता आलं नाही.

तू शिव्या दे. त्या मोठ्यानं दे, मी ऐकेन. पण गप्प राहू नकोस. नाही, राहा. तुला हवं तितकं राहा. मला कुठं तक्रार करायचा हक्क आहे.

ताई


२५ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र आज आलं. माफ केलं की नाही, त्याबद्दल एक अक्षर नाही. बरं केलंस. नुसतं एवढंच: "त्या तीन दिवसांत बाबा काय काय बोलले ते लिही. काही गाळू नकोस."

मी गाळणार होते. तुझं अक्षर बघितलं आणि धीर झाला नाही. तर ऐक.

मी जागा सोडली, पण तू येतेयस असं त्यांना सांगून बसले होते. ते परत घ्यायला माझी जीभ उचलली नाही. दाढी केलेलं ते तोंड बघून कोणाची उचलेल? मग मी तुला आणायला सुरुवात केली. वेळा मला पाठ होत्याच.

मंगळवारी संध्याकाळी म्हणाले, "निघाली का?" मी घड्याळ बघून म्हटलं, "आत्ताच सुटलं विमान." बाबा तीस वर्षं बस चालवलेला माणूस. लगेच विचारलं, "वाटेत थांबे किती?" म्हटलं, एकच. "मग बरंय. ड्रायव्हर कसा आहे?" मी म्हटलं, चांगला असणार. म्हणाले, "रात्रीच्या गाडीला जुना माणूस देतात."

रात्री झोपले. बुधवारी पहाटे विचारलं, "कुठवर आली?" मी म्हटलं, मधल्या विमानतळावर उतरली, आता दुसऱ्यात बसेल. "डबा घेतलाय का तिनं? तिला भूक लागली की डोकं दुखतं." मी म्हटलं, विमानात देतात. सकाळी म्हटलं, समुद्र ओलांडला. शेजारच्या काकू डोकावल्या, तर त्यांना सांगत होते, "माझी धाकटी येतेय. ताईनं काढलंय तिकीट, म्हणजे काळजी नाही. तिचं तिकीट कधी चुकत नाही." काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी उशीचा अभ्रा बदलायला लागले.

बारा वाजले. एक वाजला. म्हणाले, "लेट आहे गाडी." मी म्हटलं, "धुकं आहे, बाबा. मध्येच अडकलीय." त्यांनी मान हलवली. "धुक्यात घाई करू नये. तिला म्हणावं सावकाश ये, मी आहे." तेव्हा तू फोन केला होतास, बारके. मी "घटकाभराचे सोबती" म्हणाले ना तुला, ते त्यांच्या या वाक्यानंतर पाचेक मिनिटांनी.

डॉक्टर संध्याकाळी येऊन नाडी बघून गेले. दारात मला म्हणाले, "कशाच्या जोरावर टिकलेत कळत नाही." मला कळत होतं.

गुरुवारी फार बोलले नाहीत. पाणी दोन चमचे. दुपारी एकदा म्हणाले, "धुकं गेलं का?" मी म्हटलं, जाईल आता. एकदा हातानं गिअर टाकल्यासारखं केलं. बस एवढंच. गुरुवारचं खरंच आणखी काही नाही.

शुक्रवारी दुपारी मी त्यांचे ओठ ओल्या कापसानं पुसत होते. तीन वाजून गेले असतील. त्यांनी माझा हात धरला आणि चाचपला. म्हणाले, "आलीस?"

मी कापूस वाटीत ठेवला. ते म्हणाले, "बारके?"

मी म्हटलं, "हो बाबा. आले."

"केवढा उशीर."

"धुकं होतं ना."

माझी बोटं एकेक करून दाबून बघत होते. म्हणाले, "हात किती खरखरीत झालेत गं तुझे. तिकडे फार काम पडतं?" मी म्हटलं, फार नाही. मग माझा हात धरूनच डोळे मिटले. चेहरा इतका निवांत होता की मला वाटलं, बरं झालं, खोटं का होईना, तू भेटलीस त्यांना. आता शांत जातील.

तर डोळे उघडून दाराकडे बघायला लागले. "ताई कुठंय?"

मी म्हटलं, "असेल इथंच. स्वयंपाकघरात."

म्हणाले, "तिला बोलाव. सारखी कामाला जुंपलेली असते. तिला म्हणावं, राहू दे सगळं, माझ्यापाशी बैस जरा. मला तिच्याशी बोलायचंय."

नऊ वर्षं हे वाक्य ऐकायला मी त्या खोलीत होते, बारके. आता म्हणाले, तर मी तू झाले होते. मी ताई आहे असं सांगितलं असतं, तर तू आली नाहीस हेही सांगावं लागलं असतं. मला ते जमलं नाही. मी रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "ताई, ये ना गं, बाबा बोलावतायत."

त्यांनी वाट बघितली. दोनदा विचारलं, "आली का?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "येतेय, बाबा."

चार वाजून दहा मिनिटांनी गेले. तोवर माझा हात धरूनच होते, तुझा समजून. काय बोलायचं होतं ते मला कधीच कळणार नाही. त्यांच्या लेखी तू पोचलीस, बारके. उशीर मला झाला.

ताई